आजीच्या प्रश्नाला शून्य मार्क

व्हायवाला एक्स्टर्नलने प्रश्न विचारावा, उत्तर आपल्याला येत असावं आणि तरीही सांगता येऊ नये, असं तुमचं कधी झालंय? माझं झालंय. फरक एवढाच की माझी एक्स्टर्नल होती माझी आजी, आणि व्हायवा झाला तो कासुर्डीला, आमच्या घराच्या ओट्यावर, मार्च २०२१ मध्ये.

कासुर्डी म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतजवळचं गाव, तालुका दौंड. आजूबाजूला ऊस आणि मोसमात गुऱ्हाळांचा धूर. मी तेव्हा दहावीत होते. शाळा कॉन्व्हेंट, हडपसरच्या बाजूला, त्यामुळे स्कूलबसने रोज मांजरीचा फाटा ओलांडायचा. ज्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव पुढे घराघरात पोचलं, ती याच पट्ट्यातली. १२ जानेवारी २०२१ ला तिथून कोव्हिशिल्डचे पहिले ट्रक निघाले, १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं आणि १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांचा नंबर लागला. म्हणजे आमच्या आजीचा.

आजीने मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "तू शिकलेली हाईस, मला सांग. ती लस अंगात जाऊन करती काय? आपलं बियाणं तर बदलत नाही ना?"

सायन्समध्ये मला कधी नव्वदच्या खाली मार्क नव्हते. मी घडाघडा बोलायला लागले : डीएनए, न्यूक्लिअस, ट्रान्स्क्रिप्शन, रायबोझोम, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, गॉल्जी... आजी दोन मिनिटं ऐकत होती. मग "बरं" म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली. शेजारी माझा चुलतभाऊ होता, मराठी माध्यमातला. त्याला चेव आला. म्हणाला, "आजी, मी मराठीत सांगतो. आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, लयकारिका..." आजी म्हणाली, "हे तर त्याहून अवघड!"

आजीने लस घेतली, पण आमच्यामुळे नाही. आशाताई घरी आल्या, "मावशी, मी स्वतः घेतलीय, चला" म्हणाल्या आणि ती त्यांच्याबरोबर गेली. तिने माणसावर विश्वास ठेवला, यात वाईट काहीच नाही. पण आमच्या आळीतल्या दोघी-तिघी गेल्याच नाहीत. त्यांचाही प्रश्न आजीचाच होता, आणि आळीत दोन सुशिक्षित पोरं असूनही त्यांना उत्तर मिळालं नव्हतं. हे मला नंतर खूप दिवस टोचत राहिलं.

आज मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलला. बायोलॉजी मी कधीच सोडली, बहुतेकांसारखीच. "नुसता रट्टा आहे यार" हे तिच्याबद्दलचं आपल्या होस्टेलचं अधिकृत मत! पण या वर्षी प्लॅंट लेआऊट शिकताना मला सारखं वाटत होतं, की हे आपण कुठेतरी आधी पाहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, गुऱ्हाळावर उभी राहिले आणि एकदम ट्यूब पेटली. त्याच रात्री आजीला म्हणाले, "आजी, माझा व्हायवा पुन्हा घे."

तिला जे सांगितलं ते इथे देते. पुढे मला एक मत मांडायचंय, त्याचा पाया हाच आहे.

आपलं शरीर पेशींचं बनलंय आणि प्रत्येक पेशी म्हणजे एक चालतं गुऱ्हाळ. त्यात होतात प्रोटीन. आता गुऱ्हाळात कुठली ढेप कशी करायची हे जसं कुणाला तरी माहीत असावं लागतं, तसं प्रत्येक प्रोटीनची कृती डीएनएवर लिहिलेली असते आणि हा डीएनए पेशीच्या केंद्रकात, म्हणजे न्यूक्लिअसमध्ये, ठेवलेला असतो. आजीला मी सांगितलं, "तलाठ्याकडे मूळ सातबारा असतो ना, तसं. मूळ दप्तर ऑफिसच्या बाहेर जात नाही. आपल्याला मिळते ती नक्कल." पेशीतही तेच. मूळ डीएनए केंद्रकाबाहेर पडत नाही. लागेल तेवढ्याच उताऱ्याची नक्कल निघते, तिला एमआरएनए म्हणतात. ही नक्कल बाहेर येते, काम झालं की काही वेळाने तिचे तुकडे होतात. रद्दी साठत नाही.

नक्कल पोचते रायबोझोमकडे. रायबोझोम ती वाचतो, एका वेळी तीन अक्षरं, आणि प्रत्येक तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल ओवतो. वीस प्रकारचे मणी आणि एक माळ. करोनाच्या विषाणूवरचा जो काटा आपण टीव्हीवर पाहून पाहून कंटाळलो, तो स्पाइक, म्हणजे १२७३ मण्यांची अशी एक माळ. आपल्या पेशीतला रायबोझोम सेकंदाला साधारण पाच मणी ओवतो, म्हणजे एक माळ चारेक मिनिटांत. आपल्याला मेसच्या लाइनीत याहून जास्त वेळ लागतो! प्रत्येक मण्यामागे ऊर्जेचे सुमारे चार सुटे खर्च होतात, म्हणजे एका स्पाइकला पाच हजारांच्या आसपास. यातले बरेचसे सुटे पाडतात मायटोकॉन्ड्रिया. गुऱ्हाळात चुलवाणाला जळव्या लागतो, तसे ते इथले जळवे.

पण माळ म्हणजे प्रोटीन नव्हे, जसा उसाचा रस म्हणजे गूळ नव्हे. खरी मजा इथून पुढे आहे आणि नेमका हाच भाग आपण परीक्षेत "लेबल द डायग्राम" करून सोडून दिला होता.

जो माल पेशीच्या बाहेर किंवा तिच्या पृष्ठभागावर जायचा असतो, त्याच्या बाबतीत माळेचे सुरुवातीचे काही मणी म्हणजे चक्क पत्ता असतो. तो पत्ता बाहेर डोकावला की अख्खा रायबोझोम उचलून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या भिंतीला नेऊन लावला जातो आणि माळ ओवता ओवताच आत सरकवली जाते. मग पत्त्याचं लेबल कापून टाकलं जातं. ही पत्त्याची पद्धत शोधून काढल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

आत गेल्यावर काहिलीतलं काम सुरू. माळेला नीट घड्या पडाव्या लागतात. चुकीच्या ठिकाणी चिकटू नये म्हणून मदतनीस प्रोटीन तिला धरून ठेवतात. ठरावीक जागी साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात. स्पाइकच्या एका माळेवर अशा बावीस जागा आहेत. तीन माळा एकत्र येऊन एक काटा तयार होतो. घडी चुकली तर माल पुढे जात नाही. आधी दुरुस्तीचा प्रयत्न होतो, नाहीच जमलं तर त्याला बाहेर काढून युबिक्विटिनचा ठप्पा मारतात आणि प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात त्याचे तुकडे करतात. मणी सुटे होऊन पुन्हा वापरात. चिपाडच वाळवून चुलवाणात घालावं, तसं. या ठप्प्याच्या शोधाला २००४ चं नोबेल आहे.

पास झालेला माल छोट्या थैल्यांत भरून गॉल्जीकडे जातो. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांना हा भाग १८९८ मध्ये घुबडाच्या मज्जापेशीत दिसला, आणि पुढे कित्येक वर्षं अनेक शास्त्रज्ञ म्हणत होते की असं काही नसतंच, तो रंगाचा डाग आहे! इथे साखरेच्या साखळ्यांची छाटणी आणि दुरुस्ती होते, मालाची वर्गवारी होते, आणि नव्या थैल्यांतून माल आपापल्या मुक्कामी रवाना होतो. थैली बरोबर दारालाच कशी लागते, हे शोधणाऱ्या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं. त्यांतल्या रॅंडी शेकमन यांनी यीस्टच्या अशा जाती शोधल्या, ज्यांच्या पेशीत हा माल मध्येच अडकून पडत होता. ट्रॅफिक जॅम कुठे होतो ते बघून त्यांनी रस्त्याचा नकाशा काढला.

इथे आजीने मला थांबवलं. "एवढी माणसं कामाला. मग यांचा मुकादम कोण?"

मी खरंच गप्प झाले. गुऱ्हाळात गुळव्या असतो. पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो, आणि काहील कधी उतरायची ते तोच ठरवतो. पेशीत असा गुळव्या नाही. एवढ्या मोठ्या शॉप फ्लोअरवर एकही फोरमन नाही! पत्ता मालावरच लिहिलेला आणि पुढच्या टप्प्यावरच्याला तेवढाच पत्ता ओळखता येतो. माझी गुऱ्हाळाची उपमा इथे तुटते, आणि ती तुटते म्हणूनच मला हा विषय आवडायला लागला. प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा ठाऊक, तरीही अखंड माल निघतो.

आणि ही व्यवस्था अगदी निर्दोष आहे असंही नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात एका प्रोटीनच्या १४८० मण्यांपैकी फक्त एक मणी गायब असतो. ते प्रोटीन जागेवर पोचलं तर थोडंफार काम करू शकतं, पण घडी बरोबर नाही म्हणून तपासणीतच नापास होतं आणि बहुतेक सगळं मोडीत निघतं. फुफ्फुसात चिकट कफ साठत राहतो. तपासणी ढिली असली तर नुकसान, फार कडक असली तरीही नुकसान. आपल्या सबमिशनच्या वेळी काही सरांना हे सांगावंसं वाटतं, पण जाऊ दे.

आता आजीचा मूळ प्रश्न. लस अंगात जाऊन करते काय?

याचं उत्तर आपल्या पुण्यातच तीन प्रकारे तयार झालं. आजीने घेतलेली कोव्हिशिल्ड म्हणजे वाढू न शकणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूत भरलेली स्पाइकची कृती. ही डीएनएच्या रूपात असते, म्हणून ती केंद्रकात पोचते, तिथे तिची नक्कल निघते आणि पुढचा सगळा प्रवास वर सांगितला तसाच. काटा आपल्याच पेशीवर उमटतो, पहारेकरी पेशी तो बघून ठेवतात आणि खरा विषाणू आला की ओळखतात. जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळालेली हिंजवडीच्या जेनोव्हाची लस आपल्या देशात विकसित झालेली पहिली एमआरएनए लस. ती केंद्रकात जातच नाही. ती थेट नक्कलच आणून रायबोझोमच्या हातात देते. तिसरी सीरमचीच कोव्होव्हॅक्स, परवानगी डिसेंबर २०२१. ती ना कृती देते, ना नक्कल. ती तयार स्पाइकच टोचते.

बघा, एकच प्रॉडक्शन लाइन आणि तीन लसी तीन वेगळ्या दारांनी आत शिरतात. एक ऑफिसात, एक यंत्रावर, एक थेट तयार मालाच्या गोदामात. ही लाइन डोक्यात असेल तर तिन्ही लसी पाच मिनिटांत समजतात. नसेल तर तीन लसींची तीन पाठांतरं.

कोव्होव्हॅक्सचा तयार माल कुठे बनतो हे ऐकून तर आजी उठूनच बसली. २०१८ पासून आमच्या मक्याच्या पोंग्यात शिरून नुकसान करणारी अमेरिकन लष्करी अळी तुम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना माहीत असेलच. याच जातीच्या कोषातून १९७० च्या दशकात अमेरिकेत काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत आजवर वाढवल्या जातात. त्या पेशींना स्पाइकची कृती दिली की त्या तो माल बनवतात, मग तो शुद्ध करून घेतात. लसीत अळी नसते, तिच्या पेशींची फक्त कारागिरी असते. बॅक्टेरियाकडून का नाही करून घेत? कारण बॅक्टेरियात रायबोझोम आहेत, पण एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नाही आणि गॉल्जीही नाही. माळ ओवतील, पण साखरेची कलाकुसर कोण करणार? इन्शुलिन छोटं, त्यावर साखर नाही, म्हणून १९८२ पासून बॅक्टेरियाकडून बनवलेलं इन्शुलिन औषध म्हणून मिळतं. कुठला माल कुठल्या कारखान्यात करायचा, हा निव्वळ आपला, इंजिनिअरचा प्रश्न आहे.

"आणि बियाणं?" आजी विसरली नव्हती.

"आजी, कृती आत गेली, नक्कल निघाली, काम झालं. ती आपल्या डीएनएत शिवली जात नाही. आपल्या सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही. फेरफार नाही."

"फेरफार नाही" हे दोन शब्द ऐकले आणि आजीचा चेहरा सैल झाला. साडेचार वर्षांपूर्वी मी हेच "इट डझन्ट इंटिग्रेट विथ द होस्ट जिनोम" असं सांगितलं होतं. तिला हेही सांगितलं की कोव्हिशिल्डच्या प्रकारच्या लसीने फार थोड्या लोकांच्या रक्तात गुठळ्या झाल्या, हे खरं आहे. ते लपवून "घाबरू नका" म्हणणं म्हणजे समजावणं नव्हे. आजी म्हणाली, "औषध म्हटलं की थोडंफार आलंच. पण सांगितलं पाहिजे."

तर माझं मत असं, की आपण बायोलॉजी सोडली नव्हती, आपल्याला ती कधी भेटलीच नव्हती. आपल्याला भेटली ती नावांची यादी. रायबोझोम कुठे, गॉल्जी कुठे, बाण काढा, नावं द्या, पाच मार्क. इंजिनच्या पार्टची नावं पाठ केली आणि इंजिन कसं चालतं हे कुणी सांगितलंच नाही, तर थर्मोडायनॅमिक्सलासुद्धा आपण रट्टाच म्हटलं असतं. आणि याचा दोष नुसता कॉन्व्हेंटला देऊन चालणार नाही. माझ्या चुलतभावाचे शब्द मराठी होते, तरी आजीला कळले नाहीतच. कळतं ते कामाच्या क्रमातून. कोणाकडून काय येतं, तो त्याचं काय करतो आणि पुढे कोणाला देतो, हे आलं की शब्द कुठल्याही भाषेतला चालतो. आजी आता बिनधास्त "गॉल्जी" म्हणते.

कुणी म्हणेल, "आपल्याला काय करायचंय? प्लेसमेंटला विचारतात का?" एक तर लस बनवायला टाक्या, पंप, गाळण्या, तापमान सांभाळणारी यंत्रणा आणि ती चालवणारे इंजिनिअर लागतात. दुसरं, व्यंकटरमण रामकृष्णन यांचं उदाहरण घ्या. बडोद्याला फिजिक्समध्ये बी.एस्सी., अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएच.डी., आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन ते बायोलॉजीच्या वर्गात बसले. रायबोझोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल त्यांना वाटून मिळालं. फिजिक्सवाल्याला उशीर झाला नाही, तर आपल्याला विशीत कसला उशीर?

पण माझं खरं कारण प्लेसमेंटही नाही आणि नोबेलही नाही. गावात, नात्यात, चाळीत आपण "ती इंजिनिअरिंगला आहे" म्हणून ओळखले जातो. लोकांना ब्रॅंचशी घेणं नसतं. नवीन लस आली, कुणाला शुगर निघाली, की ते आपल्यालाच विचारणार. त्या वेळी "माझा सब्जेक्ट नाही" म्हणणं सोपं आहे. मग उत्तर कोण देतं? मोबाइलवर फिरणारा मेसेज देतो. आणि तो मात्र अगदी सोप्या मराठीत असतो, हे लक्षात घ्या!

एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात अभियंत्यांसाठी जीवशास्त्र असा विषय आहे. तो नुसता उरकण्यापेक्षा त्यातलं एक प्रॅक्टिकल असं ठेवावं अशी माझी स्टाफला विनंती आहे : पेशीत प्रोटीन कसं बनतं हे कॉलेजबाहेरच्या एका माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या कामातली उदाहरणं देऊन सांगायचं आणि मार्क त्या माणसाने द्यायचे. एनएसएसच्या कॅम्पला पथनाट्य करतोच आपण, तिथेच हेही होईल. आणि मित्रांनो, परवानगीची वाट कशाला बघायची? आज रात्री मेसच्या मावशींनाच सांगून बघा. पाच मिनिटांत कळेल आपल्याला काय येतं ते.

मला आजीने किती मार्क दिले? "पास झालीस," म्हणाली. "पण चार वर्षांपूर्वी सांगायचं होतंस. त्या दोघी-तिघींना मी सांगितलं असतं."

हा रिमार्क अजून माझ्या जर्नलवर तसाच आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)